वर राहिलेला हात

भूगाव, ता. मुळशी
८ जानेवारी २०२४

ती. मास्तरांस,
शारदाचा सा. नमस्कार.

तेराव्याला कोळवणहून कोंडिबा आला होता. त्याच्याकडून तुमचा निरोप मिळाला. तुम्ही स्वतः आला नाहीत याचं मनात काही नाही. घशाच्या ऑपरेशननंतर तुम्ही कुणाला भेटत नाही हे मला यांच्याकडून माहीत होतं. फोनचा उपयोग नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

हे कसे गेले ते लोकांकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. रविवारी दुपारी जेवणं झाली होती. कारखान्याला सुट्टी होती. हे म्हणाले, "बस जरा, घोटावड्याच्या प्रयोगाचा सराव करू." मी नेहमीसारखी खुर्चीवर बसले. संमोहनाच्या प्रयोगात पहिल्या खुर्चीवर बायकोलाच बसवायचं, म्हणजे बाकीच्यांची भीती जाते, हे तुम्हीच यांना शिकवलं होतं. लग्न झाल्यापासून मी त्या खुर्चीवर बसत आले. यांनी मला झोपवलं. उजवा हात हलका होतोय, कापसासारखा वर जातोय, असं म्हणाले. माझा हात वर गेला. पुढचं यांनी म्हटलं नाही.

वर भाड्याने राहणारा कौस्तुभ पाण्याचा टँकर आला म्हणून सांगायला खाली आला. हे खाली पडलेले होते आणि मी खुर्चीवर डोळे मिटून बसलेली होते. हात वरच होता. त्याने मला हलवून उठवलं. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, पण वेळेवर आणलं असतं तर प्रयत्न करता आले असते.

एक विनंती आहे. चैत्रात घोटावड्याच्या जत्रेत प्रयोग करायचा शब्द यांनी दिला होता. जत्रा कमिटीचे भिवाजी भेटायला आले तेव्हा म्हणाले, "वहिनी, तुमी त्याचं मनावर घेऊ नका. आमी दुसरं कोन मिळतंय का बगतो." मी म्हणाले, मी करते. ते चहा पिऊन गेले.

मास्तर, मला यांचा प्रयोग सगळा पाठ आहे. पण तो खुर्चीवरून पाठ आहे, डोळे मिटून. समोर उभं राहून काय करायचं असतं ते मी कधी पाहिलेलं नाही. ते मला शिकवाल का?

आपली,
शारदा

ता. क. झोपवलेल्या माणसाला बाजूचे आवाज ऐकू येतात का?


कोळवण
१९ जानेवारी

चि. शारदा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावापुढे काय लिहावं ते कळेना. लग्नात तुला पाहिलं तेव्हा लहान होतीस, म्हणून चि. लिहिलं आहे.

आधी तुझ्या ता. क.चं उत्तर. नाही. झोपवलेल्या माणसाला झोपवणाऱ्याच्या आवाजाशिवाय काहीही ऐकू येत नाही. शेजारी ढोल वाजला तरी कळत नाही. माझ्या साऱ्या हयातीचा अनुभव आहे. त्याचा विचार सोडून दे.

आता दुसरं. माझ्या गळ्याला भोक आहे आणि त्यातून शिट्टीसारखी हवा येते. घरात मीठ हवं असलं तरी पाटीवर लिहून मागतो. ज्या माणसाने आवाजावर पोट भरलं त्याच्यावर देवाने बरोबर नेम धरला. असा मुका गुरू चालणार असेल तर शिकवतो. जनार्दनचा शब्द राहावा असं मलाही वाटतं. मात्र भेटायला येऊ नकोस.

झोप नंतर. आधी माणसं निवडायला शीक. सगळ्या प्रेक्षकांना दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफायला सांग. घट्ट, अजून घट्ट, आता सुटणार नाहीत, असं म्हण. मग सोडायला सांग. ज्यांची पटकन सुटतात त्यांचं काम नाही. जे हसत हसत ओढून बघतात त्यांचंही नाही. ज्याची बोटं अडकतात आणि ज्याला त्याचं नवल वाटतं, तो माणूस वर बोलवायचा. दारू प्यालेला नको. आजारी नको. ज्याला मित्रांनी ढकलून पाठवलं आहे तो तर मुळीच नको.

आवाज वाढवायचा नाही. समोरच्याचा श्वास बघायचा आणि तो श्वास सोडेल तेव्हा बोलायचं. एवढंच आधी कर. गर्दी कशी गप्प करायची ते पुढे.

तुझा,
हैबतराव


भूगाव
११ फेब्रुवारी

ती. मास्तरांस,
सा. नमस्कार.

तुमचं उत्तर वाचून बरं वाटलं. पहिला भाग मी वन्संनाही वाचून दाखवला. सगुणाबाई, यांची थोरली बहीण. खालच्या आळीत राहतात, तुम्हाला आठवत असतील. हे गेल्यापासून रोज सकाळी येतात आणि ओट्यावर बसतात. गावात जे मागून बोललं जातं ते त्या समोर बोलतात. "भाऊ माजा जमिनीवर पडला आन् हिचा हात काय खाली आला न्हाई," असं तेराव्याला बायकांत म्हणाल्या होत्या. पत्र वाचून दाखवल्यावर म्हणाल्या, "मास्तर लिव्हतोय म्हंजे आसंल." आणि उठून गेल्या.

सराव चालू आहे. पहिल्यांदा कौस्तुभला बसवलं. तो हिंजवडीला कंपनीत आहे, लातूरकडचा. श्वासाकडे बघत बोलायला लागले तर तो खरंच घोरायला लागला. उठवलं तर म्हणाला, "काकू, तुमचं काही नाही, मला रोजच्या मीटिंगमध्येही अशीच लागते." त्याला सोडून दिलं.

शेजारच्या लीलाबाईंची सायली मात्र चांगली आहे. पौडच्या कॉलेजात जाते. बोटं गुंफली तेव्हा तिची खरंच सुटेनात. तोंड उघडं ठेवून स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. तुम्ही नवल म्हणालात ते हेच असावं. तिला बसवते आहे. पाचव्या-सहाव्या वाक्याला तिची मान वाकते.

आता एक गोष्ट लिहिते, ती दुसऱ्या कुणाला सांगितलेली नाही.

परवा मी सायलीला यांचंच वाक्य म्हटलं. तुझा उजवा हात हलका होतोय, कापसासारखा वर जातोय. तिचा हात वर गेला. आणि माझाही गेला. मी गेला असं लिहिते आहे, कारण मी नेला नाही. दोघी समोरासमोर हात वर करून बसलो होतो. तिचे डोळे मिटलेले होते, म्हणून तिला कळलं नाही.

तेव्हापासून तो मनाला येईल तेव्हा जातो. कपडे वाळत घालताना, टँकरची वाट बघताना. गिरणीत रांगेत उभी होते तर राजू गिरणीवाला म्हणाला, "काकू, नंबर तुमचाच हाय. हात कशाला वर करताय शाळंसारखा?" सगळे हसले. मीही हसले. डाव्या हाताने धरून तो खाली घेतला. दुसऱ्या कुणाचा हात धरावा तसा लागला. गार होता.

यांचा नियम तुम्हाला माहीत आहे. हात वर नेला की शेवटी "आता हात खाली" असं म्हणायचं, मगच उठवायचं. त्या दिवशी यांनी ते म्हटलं नाही. मला असं वाटतं की हात अजून त्याचीच वाट बघतो आहे. दुपारी घर शांत असलं की मीही कान देऊन असते.

वेडेपणा वाटला तर कळवा.

आपली,
शारदा


कोळवण
२६ फेब्रुवारी

चि. शारदा,
आशीर्वाद.

वेडेपणा नाही. सवय आहे. शरीराला वर्षानुवर्षं एक वळण लावलं, ते एका दुपारीत जात नाही. हात वर गेला तर जाऊ दे. त्याच्याकडे बघू नकोस, कंटाळून येईल खाली.

सायली चांगली दिसते. तिला पहिल्या खुर्चीवर बसव. बाकी चार-पाच जण तिथे आयत्या वेळी निवड. आता स्टेजवरच्या गोष्टी लिहितो. जनार्दनला त्या मी ओरडून शिकवल्या होत्या, तुला शांतपणे लिहितो.

जी सूचना द्यायची ती परत घ्यायची, स्वतःच्या तोंडाने. लिंबू गोड लागतंय म्हणालीस तर खाली पाठवण्याआधी लिंबू आंबट कर. कुणाचंही हसं होईल असं काही करायला लावू नकोस. लोक मागणी करतील, त्याला नाचवा, तिला रडवा. करायचं नाही. आपल्यावर विश्वासून बसलेलं माणूस आहे.

आणि मुख्य गोष्ट. खुर्चीवर माणसं असताना मदतनिसाशी कुजबुजू नकोस. कुणाला नावं ठेवू नकोस. त्यांना सगळं ऐकू येत असतं. पुढच्या रांगेत पोर रडलं, मागे भांडं पडलं, माइक खरखरला, सगळं. लोकांना वाटतं ती मेल्यासारखी झोपलीत. तसं नसतं. डोकं जागंच असतं, फक्त ती आपल्यावर सोपवून बसलेली असतात. म्हणून मध्येच तुझा आवाज बसला किंवा वीज गेली तरी घाबरू नकोस. तू गप्प झालीस की थोड्या वेळाने आपापले डोळे उघडतील. कुणीही अडकून राहत नाही.

आवाजाला मध आणि गरम पाणी. आइस्क्रीम नको. मी खात होतो.

तुझा,
हैबतराव


भूगाव
२ मार्च

ती. मास्तरांस,
सा. नमस्कार.

तुमचं १९ जानेवारीचं पत्र आणि आताचं पत्र शेजारी शेजारी ठेवून वाचलं.

पहिल्यात तुम्ही लिहिलं आहे, शेजारी ढोल वाजला तरी कळत नाही. दुसऱ्यात लिहिलं आहे, भांडं पडलं तरी ऐकू येतं. पहिलं पत्र मी वन्संना वाचून दाखवलं होतं. दुसरं दाखवलेलं नाही.

यातलं खरं कोणतं ते कळवा.

शारदा


कोळवण
२७ मार्च

चि. शारदा,

उत्तराला उशीर झाला. रोज पाटीवर लिहायचो आणि पुसायचो. घरच्यांना वाटलं माझं डोकंही गेलं.

पहिलं पत्र मी जनार्दनच्या बायकोला लिहिलं. दुसरं शिकणाऱ्या बाईला लिहिलं. दोघी एकच आहेत हे लिहिताना माझ्या लक्षात राहिलं नाही.

खरं दुसरं.

तू त्या दुपारी काय ऐकलंस ते मला लिहू नकोस. विचारायचा अधिकार मला नाही. ते वाचून माझ्यासारख्याने पाटीवर काय लिहायचं? एवढंच सांगतो, की ऐकू येणं आणि उठणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्या मध्ये काय असतं ते मला कधीच नीट कळलं नाही. मी सगळी वर्षं उभाच होतो. खुर्चीवर मी कधी बसलो नाही.

घोटावड्याचा प्रयोग करू नकोस. मी भिवाजीला निरोप पाठवतो की बाईंची तब्येत बरी नाही. तू तिथे उभी राहिलीस आणि हात वर गेला तर लोक हसतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे घाबरतील.

माझा आवाज असता तर पहिल्या गाडीने आलो असतो आणि समोर उभं राहून एकदाच म्हणालो असतो. नाही, म्हणून लिहितो. जनार्दनने माझ्याकडूनच घेतलेले शब्द आहेत, त्यामुळे चालायला हरकत नसावी.

शारदा, आता हात खाली. जागी हो.

हैबतराव


भूगाव
२७ एप्रिल

ती. मास्तरांस,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी अंगणात होते, हात वर गेलेला होता. तिथेच वाचलं. शेवटची ओळ मोठ्याने वाचली, मग मनात वाचली. हात तसाच राहिला. कागदावरून होत नसावं. तुमची चूक नाही. खोट्याबद्दलही माझ्या मनात राग नाही. त्या पत्रावर मी काही दिवस नीट जेवले, झोपले.

प्रयोग केला. तुमचा निरोप भिवाजींना मिळाला होता. त्यांनी मला विचारलं, "वहिनी, मास्तर म्हनत्यात तुमची तब्येत न्हाई बरी." मी म्हणाले, मास्तरांनी मला इतक्यात कुठे पाहिलं आहे? ते म्हणाले, "व्हय, त्ये बी खरंच."

कुस्त्या संपल्यावर उजेड असतानाच सुरू केलं. यांचा कोट नव्हता घातला, साधी साडी होती. लोकांना वाटलं मी आधी आभार मानायला उभी आहे, मग प्रोफेसर कुणीतरी येईल. बोटं गुंफायला सांगितली तेव्हा मागच्या तरुण पोरांत कुणीतरी ओरडलं, "मावशी, आमची बायकोत अडकल्यात." हशा झाला. मी त्याचा श्वास सुटेपर्यंत थांबले आणि म्हणाले, मग सोडवून दाखवा. गर्दी गप्प झाली. मास्तर, गर्दी गप्प झाली की कसं वाटतं ते यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. एवढी माणसं आपल्या पुढच्या शब्दाकडे बघत असतात आणि आपण एकटे असतो.

पहिल्या खुर्चीवर सायली, मग गिरणीवाला राजू, आणखी तिघं. झोपले. लिंबू गोड केलं, परत आंबट केलं. राजूने दोन फोडी जास्त खाल्ल्या. बायकांच्या बाजूला पुढे वन्सं बसल्या होत्या. मी त्यांना या म्हटलं नव्हतं.

मग मी हात हलका होण्याची सूचना दिली. पाचही हात वर गेले. माझाही गेला. लोकांना वाटलं मी दाखवते आहे. कुणी हसलं नाही.

आणि मी बोलायची थांबले.

असं करायचं मी आधी ठरवलं होतं, ते तुम्हाला कळवलं नाही. मला बघायचं होतं. टेबलावर पाण्याचा तांब्या होता, तो डाव्या हाताने ढकलला. फळ्यांवर पडून मोठा आवाज झाला, गडगडत गेला. मी काही बोलले नाही. राजूने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. दुसऱ्याचा हात हळूहळू मांडीवर आला. एकेक करून चौघांनी डोळे उघडले आणि इकडेतिकडे बघायला लागले. सायलीने उघडले नाहीत. तांब्या पडला तेव्हा तिच्या पापण्या हलल्या, हे मी पाहिलं. पण ती हात वर ठेवून बसून राहिली. मी आणखी थांबले. भिवाजी बाजूने म्हणाले, "वहिनी, काय झालं?" तेव्हा मी तिचं नाव घेतलं, हात खाली म्हटलं, उठवलं. टाळ्या झाल्या. लोकांना तेच सगळ्यात आवडलं असं नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. सायली तिच्या आईने पाठवलेलं दही घेऊन आली. मी तिला विचारलं, "काल मी मध्येच गप्प झाले ते तुला कळलं होतं?"

"कळलं की," ती म्हणाली.

"तांब्या पडला तो?"

"तो तर केवढ्याने वाजला. दचकले मी."

"मग डोळे का नाही उघडलेस?"

ती म्हणाली, "मला वाटलं खेळातलंच आहे. तुमी काहीतरी करताय पुढचं. मदीच डोळं उघडलं असतं तर तुमचा खेळ मोडला असता ना, काकू. आन् तुमी होतात की तितं. मला कशाची भीती?"

वाटी ठेवून ती कॉलेजला गेली.

वन्संचा हात सुपात थांबला होता. त्या म्हणाल्या, "शारदे. तुलाबी तसंच वाटलं व्हतं का गं?"

मी हो म्हणून मान हलवली.

"त्यो पडल्याचा आवाज आला तवा?"

मी पुन्हा हलवली. तुम्ही लिहू नको म्हणाला होतात, म्हणून यापेक्षा जास्त लिहीत नाही. वन्संनाही यापेक्षा जास्त सांगितलं नाही.

त्या रडल्या नाहीत आणि मीही नाही. रस्त्यावर चांदणी चौकाकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज चालू होता. माझा हात वर गेला. वन्संनी तो वर गेलेला पहिल्यांदाच जवळून पाहिला. काही वेळ बघत राहिल्या. मग पदराला हात पुसून उठल्या, माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "कर की गं खाली आता. सांगायला भाऊ न्हाई ऱ्हायला. मी सांगती."

त्यांनी हात खाली आणला आणि सुपातल्या तांदळावर ठेवला. "निवड," म्हणाल्या.

आम्ही तांदूळ निवडले. खडे बरेच निघाले.

त्यानंतर हात वर गेलेला नाही. पुन्हा जाईल की नाही माहीत नाही. दुपारी घर शांत असतं तेव्हा मी अजून कान देते, ती सवय सुटलेली नाही. पण हात गेलाच तर वन्सं खालच्या आळीतच आहेत.

यांची खुर्ची, म्हणजे माझी, मी ओट्यावर काढून ठेवली आहे. वन्संना खाली बसवत नाही आता, गुडघे दुखतात. कधी कोळवणहून खाली आलात तर दुसरीही आहे. बोललं पाहिजे असं काही नाही.

आपली,
शारदा